आधी खाऊन घे

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी फीत वाळली आहे आणि काही कळा दाबल्या की वर येत नाहीत. दूरच्या कारखान्यात मी घडलो, बोटीने व्हेनेझुएलातल्या कुमाना बंदरात उतरलो आणि एर्मेलिंदाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसलो. बाई तिथल्या रेडिओसाठी मालिका लिहीत.

एकदा त्यांनी लिहिले, 'वादळ आले. होडी बुडाली. कोळी मेला. त्याची बायको फार रडली.' रेडिओचे एवारिस्तोसाहेब ते वाचून म्हणाले, "बाई, ही तर बातमी झाली. प्रसंग कुठाय? असंच चाललं तर मालिका बंद करावी लागेल."

मी गोंधळलो. होडी बुडाली, माणूस गेला, आणखी काय हवे? बाईही गोंधळल्या. त्यांनी विजा वाढवल्या, रडणे वाढवले. माझी उद्गारचिन्हाची कळ पार झिजली. साहेबांनी तेही परत पाठवले.

बाईंची आई ओब्दुलिया चुलीपाशी अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजत होती. तिचा नवराही समुद्रातच गेला होता, पण ती ते कधी बोलत नसे. त्या दिवशी पाठमोरीच बोलली. नवरा परतला नाही त्या रात्री त्याच्या वाटणीची अरेपा तिने झाकून ठेवली होती. तेवढ्यात शेजारचा सेनोन टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळले. ती म्हणाली, "बस, आधी खाऊन घे." तो खात होता तोवर तिने त्याला बोलू दिले नाही. झाकलेली अरेपा संपली तशी दुसरी वाढली.

आईला विचारून बाईंनी तेवढेच लिहिले, फक्त शेवटी त्या शेजाऱ्याच्या तोंडी एक वाक्य घातले. त्यात रडण्याचा शब्दसुद्धा नव्हता.

तो भाग लागला तेव्हा मासळीबाजार गप्प झाला म्हणे. साहेबांनी बाईंना शाबासकी दिली. बाईंनी मला तेल घातले. आईने मात्र रेडिओ बंद केला आणि लेकीला विचारले, "त्या माणसाला शेवटी बोलू का दिलंस गं? अजून एक वाढायची होती."

 

पुढे घरात संगणक आला आणि मी कपाटावर गेलो. धूळ खात अजून तोच विचार करतो. 'मेला' हा शब्द मी कितीदा उमटवला, कुणी हेलावले नाही. मग त्या दिवशी असे काय झाले? मला उलगडत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि कुणी आपले दुःख सांगू लागले तर 'पुढे काय झाले' म्हणून घाई करू नका. ते जिथे थांबतील, तिथे तुम्हीही थांबा. का, ते मला विचारू नका. मला एवढेच कळले आहे.