मळीची बाटली

निकिताच्या फिट्सवर गोळ्या रोज चालूच होत्या. पण झटका यायच्या आधी तिच्या डाव्या अंगठ्याला मुंग्या येतात, हे कळल्यावर नगरच्या डॉक्टरीणबाईंनी एक जोडउपाय सांगितला. मुंग्या आल्या की ओळखीचा, उग्र वास खोल हुंगायचा. काही मुलांचा झटका तिथंच अडतो.

"मग माझी चप्पल काय वाईट हुती?" गोजरबाईंनी सुनेला विचारलं.

"आत्या, चप्पल तुमी झटका आल्यावर नाकाला लावत होता. हे त्याच्या आधी," मोनिका म्हणाली. "आन् वास तिनं निवडायचा."

निलगिरी, कापूर, हिंग, सगळ्याला नाक मुरडून निकितानं साखर कारखान्याची मळी निवडली. तिचे बाबा, सहादेव, मळीच्या टाकीवर कामाला. घरात आधी वास यायचा, मग ते. बाटलीतल्या मळीनं दोनदा झटका परतवलाही.

आज सोनईत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. गेल्या वर्षी तालमीत झटका येऊन पडलेल्या निकितानं लेझीम खुर्चीत बसून पाहिली होती. यंदा ती पहिल्या रांगेत होती. मोनिकानं तिच्या कमरेला बाटली खोचली. पण पाहुण्यांसमोर पोरीला लोक हसतील म्हणून तिनं ती गुपचूप धुऊन गुलाबाचं अत्तर भरलं होतं. वास तो वासच, असं तिला वाटलं.

सहादेव पाळी संपवून थेट मागं येऊन बसला. आसपासच्या खुर्च्या पटापट रिकाम्या झाल्या. पुढं बसलेल्या मोनिकानं ओळख दाखवली नाही.

हलगी कडाडली. लेझीम रंगात आली आणि निकितानं अंगठा झटकला. बाटली उघडून हुंगली. तोंड वाकडं केलं. पुन्हा हुंगली.

"हे न्हाई!"

पोरगी स्टेजवरून उतरली, लेझीम खुळखुळवत प्रमुख पाहुण्यांच्या पायांवरून पळाली आणि "बाबा!" म्हणत तिनं सहादेवच्या शर्टात नाक खुपसलं. हलगीवाला वाजवतच राहिला. सगळ्या माना मागं वळल्या.

निकितानं डोकं वर काढलं. अंगठा हलवून पाहिला.

"गेल्या मुंग्या!"

आणि सुटली! लोकांनी वाट दिली, शिट्ट्या पडल्या. ती रांगेत घुसली तेव्हा रांग उलटी वळत होती. दोघी एकमेकींवर आपटल्या, सगळ्या खिदळल्या आणि खिदळतच लेझीम शेवटापर्यंत गेली.

मोनिका उठून सहादेवशेजारी जाऊन बसली. "अत्तर मी भरलं होतं," ती म्हणाली. हसू काही आवरेना.

"तरीच! पोरगी गुलाबाचा वास मारत आली."

मागून गोजरबाई आल्या. त्यांच्या हातात चप्पल होती.

"आता घालू का पायात?"