मागं आणखी एक

कॉलेजच्या पोरींच्या फुटबॉल संघाचा गोल दर सामन्याला हातभर रुंद होत होता. समोरच्या संघाचा होता तेवढाच राहायचा. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की रुंदीही बाजू बदलायची आणि आपल्याच पोरींच्या मागे जाऊन उभी राहायची.

रंगराव कारेकरांनी तो पावलांनी मोजला, कारण त्या गोलात त्यांची लेक वैजयंता गोलकीपर होती. आधी दोन खांबांत दहा पावलं भरायची, आता एकोणीस भरली. अंतिम सामन्यात एक जरी गोल खाल्ला तरी तिचं नाव संघातून काढणार, असं कोच गणाचारी सरांनी सांगून टाकलं होतं.

मैदानाकडेला रंगरावांसोबत चौथ्या पायरीवर बसणाऱ्या मंडळींचं रुंदीबद्दल काही म्हणणं नव्हतं. वाद होता तो बचावाचा. सुबराव मिस्त्रीला मागं पाच बॅक हव्या होत्या, पिराजीला सहा. चंपूताई म्हणायच्या, बॅक किती का असेनात, हा कोच त्यांना देवळातल्या खांबांसारखं उभं करतोय. गणाचारींना बचावातलं ओ की ठो कळत नाही, एवढ्यावर मात्र एकमत होतं. मग सगळे मिळून ओरडायचे, मागं आणखी एक घ्या, आणि सर मुकाट्यानं घ्यायचे. असं करत करत दहाही पोरी मागे आल्या, तरी चेंडू कुणाच्या तरी मधून जायचाच.

अंतिम सामन्याच्या सकाळी सर फक्कीनं रेघा मारत होते. रंगराव त्यांच्यापाशी गेले.

"सर, गोल कोण वाढवतंय?"

"तुमची पायरी."

"आम्ही?"

"तुम्ही माणूस मागता. माणसाला उभं राहायला जागा लागते." सरांनी रेघ पुढं नेली. "आता माझ्याकडं पोरी संपल्यात. पुन्हा मागितलात तर पायरीवरनंच घ्यावा लागेल."

हा माणूस स्वतःचं पाप आपल्या माथी मारतोय, असं रंगरावांना वाटलं. तरी सावध राहिलेलं बरं. दर शनिवारी कीर्तनाला आलेल्यांना बुक्का लावायचं काम त्यांचंच असायचं. ती बुक्क्याची डबी घेऊन ते पायरीवर आले, तिघांच्या कपाळाला बुक्का लावला आणि शब्द घेतला, आज इथून कुणी काही मागायचं नाही.

सामना सुरू झाला. पायरी गप्प. विसाव्या मिनिटाला डावा खांब हातभर सरकला.

रंगरावांनी एकेकाचं तोंड न्याहाळलं. सुबरावच्या तोंडात पान होतं. चंपूताईंनी पदर दातांत धरला होता. पिराजीचे ओठ मात्र हलत होते. वीस वर्षं तो कीर्तनात त्यांच्या शेजारी टाळ धरून उभा राहिलेला.

"काय पुटपुटतोयस?"

"नाम घेतोय की."

"मोठ्यानं घे."

पिराजीनं विठ्ठलाचं नाव मोठ्यानं घेतलं. नुसतं नावच होतं. तो घेत असतानाच उजवा खांब सरकला.

"रंगराव," चंपूताईंनी पदर सोडला, "मघापासनं तुमचंच चाललंय."

कीर्तन संपलं तरी ध्रुपद रंगरावांच्या ओठांवर घरापर्यंत राहायचं, आणि त्यांना स्वतःला ते कळायचं नाही. जेवायला बसले की बायको सांगायची, आता थांबवा. त्यांनी तोंडावर हात दाबला. तळव्याखाली ओठ हलत होते. मागं आणखी एक, मागं आणखी एक, सुरात आणि ठेक्यात.

पांढरा खांब पायऱ्या चढून आला, चंपूताईंच्या मागून सरकत पलीकडे गेला. रंगरावांच्या पाठीला जाळी टेकली. मैदानाच्या कडेला सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

समोर वैजयंता पाठमोरी उभी होती, दोन्ही हात पसरून. पलीकडून दुसऱ्या संघाची फॉरवर्ड एकटीच चेंडू घेऊन येत होती. वैजयंतानं मागं वळून बघितलं नाही. बॅकला सांगावं तशी ती म्हणाली, "बाबा, डावी बाजू तुमची."

रंगराव उठले. बुक्क्याची डबी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना, आणि चेंडू सुटला होता.