जुन्या ड्राइव्हमधलं सामान

आमच्या घरात कॉम्प्युटर बिघडला की आधी ह्यांना हाक मारतात. हे म्हणजे माझे यजमान. एकदा कधीतरी टीव्हीच्या रिमोटमधले सेल उलटे बसले होते ते ह्यांनी सुलटे केले, तेव्हापासून सगळे ह्यांना 'इंजिनिअर' म्हणतात आणि हे ओसुद्धा देतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं कसं असतं ते बघायचं असेल तर आमच्याकडे या.

त्या कॉम्प्युटरवर मी काम करते, हे मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. मी मशीनवर भरतकाम करते. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे टॉवेल, बाळांच्या दुपट्यांवरची नावं. मशीन आपोआप टाके घालतं म्हणतात लोक. डोंबलाचं आपोआप! एकेक टाका आधी पडद्यावर मी बसवते, मग मशीन चालतं. वर्षानुवर्षांची अशी डिझाइनं त्या कॉम्प्युटरमध्ये होती. तीच माझी मिळकत.

भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, फुकटची गाणी भरलेला पेन ड्राइव्ह आणून लावला आणि व्हायरस शिरला. एकही फोल्डर उघडेना. लगेच आमचे इंजिनिअर बाह्या सरसावून बसले. एक सोडून तीन-तीन अँटिव्हायरस घातले. ते एकमेकांवरच धावून जायला लागले, आणि कॉम्प्युटरने मान टाकली. मग म्हणाले, "आता सगळं पुसून नव्याने टाकतो. जे हवं ते बाजूला काढलंय, काळजी करू नकोस." मी भोळी, काळजी केली नाही.

डिझाइनं उघडत होती, मशीन चालत होतं, म्हणून मी काही विचारलं नाही. पुढे कॉम्प्युटरच्या पेटीतून टक्‌टक्‌ आवाज यायला लागला आणि एक फूल उघडायला चहा करून यावा इतका वेळ लागायचा. "धूळ असेल," म्हणत ह्यांनी पेटीवर थापट्या मारल्या. शेवटी मीच दुरुस्तीवाल्या बाईंना बोलवायला लावलं. फोन ह्यांनी केला.

बाईंनी पेटी उघडली, कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ह्यात दोन ड्राइव्ह आहेत. नवा ठणठणीत आहे. हा जुना मात्र जायला आलाय."

"जुना होय!" ह्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग हरकत नाही. त्यात महत्त्वाचं काही नव्हतं. जागा करायला फालतू सामान तिकडे टाकलं होतं."

भाऊजी म्हणाले, "वाचलो बुवा." सासूबाईंनी देवाला हात जोडले.

बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझे बिल्ले, माझी फुलं, माझी अक्षरं. सगळं फालतू सामान तिथे होतं. फक्त तेच होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अहो, ह्याच सामानावर घरातला किराणा येतो!"

"अगं, ओरडतेस काय? दिसतंय ना सगळं?"

"आत्ता दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण एकदा बंद केला तर परत सुरू होईलसं वाटत नाही. चालू आहे तोवर नव्या ड्राइव्हवर ओढून घेऊ. पण तिथे जागाच नाहीये. आणि फोनवर तुम्ही नुसतं 'हळू झालाय' म्हणालात, आवाजाचं बोलला नाहीत. मी रिकामा ड्राइव्ह आणलाच नाही. काहीतरी काढा पटकन."

नव्या ड्राइव्हवर काय होतं? ह्यांच्या क्रिकेटच्या जुन्या मॅचेस. माउस हातात घेऊन हे सावकाश बसले, भाजी निवडायला बसावं तसे.

"ही नको, ही फायनल आहे... ही काढू? नाही, हिच्यात शेवटची ओव्हर..."

"अहो, काढा!"

"थांब गं, परत मिळत नाहीत ह्या!"

परत मिळत नाहीत! माझ्यासमोर म्हणाले हे, त्या टक्‌टकीसमोर बसून. मी खुर्ची बाजूला लोटली, माउस हिसकावला आणि सगळ्या मॅचेस एका दमात निवडून उडवल्या. हे "अगं, अगं" करत राहिले. बाईंनी माझं फोल्डर पकडून इकडे ओढलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली, जरा पुढे सरकली आणि थबकली.

खोली एकदम शांत झाली.

"बघ!" ह्यांचा चेहरा उजळला. "आवाज थांबला. झाला की बरा! उगाच माझं सगळं उडवलंस."

 बाईंनी जुन्या ड्राइव्हची वायर काढली आणि तो माझ्या हातात दिला. अजून गरम होता.