खडीसाखर कुणाच्या हातावर

"पोरी, रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा. नवरा इचारू दे, सासू इचारू दे, परत्यक्ष वैजनाथ जरी इचारायला आला तरी तोंड उघडायचं न्हाई!"

म्हातारे कंपाउंडर आश्रुबाकाका काम सोडताना हे सांगून गेले, त्याला चार वर्षं झाली. परळीतल्या त्या लहानशा दवाखान्यात त्यांच्या जागी आलेल्या रुद्राणीनं त्यांचा शब्द सोमवारच्या उपवासासारखा पाळला. पण आज आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. आतल्या खोलीत शिवांजलीच्या हातात रिपोर्ट ठेवताना दोघींचेही डोळे भरून आले होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि दिवस राहिले होते!

शिवांजलीनं तिचा हात घट्ट धरला. "ताई, मागल्या बारीला सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी गावभर पेढे वाटले, अन् महिन्यात सगळं संपलं. लोकांची तोंडं बघवत न्हवती. तीन महिने कुणाला कळू देऊ नका. सासूबाईंना मीच सांगीन. अन् तेवढे दिवस माझ्यासाठी वैजनाथाला रोज तांब्याभर पाणी घालाल?"

"घालीन की. आजपासूनच."

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तशी रुद्राणी ओठ दाबून बाहेर टेबलाशी आली. बाकावर शिवांजलीच्या सासूबाई, शांतादेवी, टपूनच बसल्या होत्या.

"काय निघालं गं?"

"मावशी, ते पेशंटलाच सांगायचा नियम हाय."

"मी काय परकी हाय व्हय? बरं, नगं सांगू." शांतादेवींनी तळहात पुढं केला. "परसाद तेवढा दे."

सगळ्या बाकाच्या माना इकडं वळल्या. रुद्राणीला काही उमगेना. शेजारची तुळजाबाई खुदकन हसली.

"अगं, तुझ्या हातची खडीसाखर मिळाली की रिपोर्ट चांगला, हे कुणाला ठावं न्हाई? मागल्या सोमवारी आमच्या ह्यांना दिली न्हाईस, तवाच समद्यांनी वळखलं, शुगर वाढली म्हणून!"

पलीकडे बसलेले तिचे यजमान, बंकटराव, ओशाळून पंख्याकडे बघू लागले.

टेबलावरच्या प्रसादाच्या डबीकडं गेलेला हात रुद्राणीनं मागं घेतला. अगं बाई! तोंड चार वर्षं बंद होतं, आणि हात मात्र बोलत होता! आता साखर द्यावी तर गुपित फुटणार. न द्यावी तर सासूबाई वाईटच धरणार, आणि बिचाऱ्या शिवांजलीला घरी पोचेपर्यंत टोमणे.

तळहात तसाच पुढं होता. रुद्राणीनं डबी उघडली आणि थेट बाकाचं दुसरं टोक गाठलं. तापानं फणफणलेल्या आजीबाईंना, हात मोडलेल्या ट्रकवाल्याला, औषधं विकायला आलेल्या माणसालासुद्धा तिनं एकेक खडा दिला.

"मला कावून?" बंकटराव दचकले. "मला तर गोड बंद हाय!"

"कपाळाला लावा अन् काकूंना द्या."

बाक खदखदून हसला. शेवटचा खडा शांतादेवींच्या हातावर पडला.

"हे गं काय? समद्यांनाच?"

"परसादाला कुठला आला रिपोर्ट, मावशी? आजपासून जो येईल त्याला."

तेवढ्यात शिवांजली बाहेर आली. तिलाही तेवढाच खडा मिळाला. शांतादेवींनी दोन्ही खडे शेजारी धरून मापले! मग निमूटपणे आपला तोंडात टाकला.

"चला आत्याबाई," म्हणत शिवांजलीनं पदर सावरला आणि जाताजाता एकदाच मागं वळून बघितलं.

दुपारी दवाखाना रिकामा होत आला, तेव्हा रुद्राणीनं कपाटातला तांब्या काढला.

"उपाशीपोटी उन्हात कुठं?" गोळ्या घ्यायला थांबलेल्या तुळजाबाईनं हटकलं. "कुणाचा नवस गं?"

रुद्राणी नुसती हसली. नाव वैजनाथानंही विचारू नये, असं मनात म्हणत तिनं चपला पायात सरकवल्या आणि देवळाची वाट धरली.