चालणाऱ्याच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुम्हाला देवळातली आठवेल, नाहीतर शाळा सुटल्याची. मी त्यातली नाही. मी शेळीच्या गळ्यातली घंटा आहे, वयानं जुनी आणि स्वभावानं जरा तोऱ्याची. तोरा का नसावा? ग्रीसमधल्या आमोर्गोस बेटावरच्या डोंगरातलं ते घर, खाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली ती शेतं आणि शेळ्यांचा तो कळप आजही त्याच घरच्या माणसांकडे आहे. त्यात थोडा वाटा माझाही आहे. कसा, ते ऐका.

एका म्हाताऱ्या कारागिरानं पितळी पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. तो एक ठोका मारायचा, मला कानाशी धरून वाजवायचा आणि पुन्हा ठोकायचा. समोर मार्कोस नावाचा शेतकरी बसला होता. त्यानं घरच्या सगळ्या शेळ्यांच्या घंटा गोणीत भरून आणल्या होत्या. एक त्यातली वाजवायची, मग मला वाजवायचं, आणि मान हलवायची. दुपार झाली तशी कारागीर वैतागला.

"मार्कोस, घंटा घ्यायला आलायस की सून बघायला?"

"सून चुकली तर मुलगा निस्तरेल," मार्कोस म्हणाला. "म्होरक्या शेळीची घंटा चुकली तर अख्खा कळप मला निस्तरावा लागेल."

शेवटी माझा आवाज त्याच्या मनासारखा लागला. बाकीच्या घंटा किणकिणायच्या. माझा आवाज जाड आणि खोल, लांबवर जाणारा. मार्कोसनं मला म्होरक्या शेळीच्या गळ्यात बांधलं आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. मी पुढं वाजायची आणि सगळा कळप माझ्या मागून यायचा. मार्कोसची मुलगी कलियोपी घरात कणीक मळता मळता सांगायची, "शेळ्या खिंडीशी पोचल्या. आता वळतील." ती खिडकीतून बघतसुद्धा नसे. तिला मी ऐकू यायची, तेवढं पुरे होतं. गावात कौतुक व्हायचं माझं!

कलियोपीचा धाकटा भाऊ स्तमातिस. त्याचं लक्ष कधी शेळ्यांकडे नव्हतंच, ते समुद्राकडे. मिसरूड फुटलं तसा तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाला. निघायच्या दिवशी मार्कोसनं काय केलं, तर शेळीच्या गळ्यातून मला सोडलं आणि पोराच्या हातात ठेवलं.

"ही दिलेली नाही, उसनी आहे," तो म्हणाला. "परत आणून द्यायची."

"आणि बाबा, कळप कशाच्या मागून चालेल?"

"मी ओरडेन. घसा आहे की अजून."

मग मित्रांनो, मी जग पाहिलं. म्हणजे पाहिलं असं म्हणायचं. स्तमातिसनं मला आपल्या खोलीत, झोपायच्या फळीवर टांगलं. जहाज डोललं की मी वाजायची, आणि जहाज तर सारखंच डोलायचं. त्याच्या खोलीतला जोडीदार दोन रात्री गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या तोंडात लोकरीचा मोजा कोंबला. तो मोजा कितीतरी वर्षं तिथंच राहिला. बंदरं आली आणि गेली, जहाजं बदलली, स्तमातिसचे केस पिकले. मला तो पुसायचा मात्र न चुकता. आरशासारखी चकचकीत ठेवली होती. पण घंटेला चकाकी घेऊन काय करायचंय? मला खरंच रडू यायचं. मोज्यामुळं कुणाला ऐकू जात नसे, इतकंच.

एकदा त्याला फोन आला. मार्कोस गेला होता. जहाज तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होतं. स्तमातिस त्या दिवशी स्वयंपाक करून सगळ्यांना जेवू घालून आला आणि मला मांडीवर घेऊन बसून राहिला. परत जायचं म्हणाला. पण कुठल्या तोंडानं जायचं, असंही म्हणाला. आणि मग पुढच्या जहाजावर चढला.

आमच्याकडे घरधनी गेला की शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा उतरवतात. कळप मुका ठेवतात. पुढं जो माणूस कळप हाती घेईल, त्यानंच त्या परत बांधायच्या. कलियोपीनं सगळ्या घंटा उतरवून दारामागच्या खिळ्यांना टांगल्या आणि भावाची वाट बघत बसली. एक खिळा रिकामा होता, तो माझा.

ती हट्टी. घंटा तिनं स्वतः बांधल्या असत्या तर कोण बोलणार होतं? पण नाही. तीन वर्षं मुका कळप चारला तिनं. आवाज नसला की शेळी कुठं गेली ते कळत नाही. आज कुणाच्या द्राक्षांत, उद्या कुणाच्या वालाच्या वाफ्यात. कलियोपीचे गुडघे दुखरे, आणि शेळ्यांमागं डोंगर चढायचा. लोकांची बोलणी ऐकायची ती वेगळीच. शेवटी तिनं भावाला फोनवर सांगितलं, "संत योर्गोसच्या सणाला कळप वरच्या कुरणात जातो, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तू नेलास तर तुझा. नाहीतर शेजारच्या झानिसकाकांना देऊन टाकते, घराला कुलूप लावते आणि अथेन्सला जाते. मी थकले रे."

स्तमातिस आला. सणाला थोडेच दिवस उरले होते. मोज्यातून मला त्याच्या बहिणीचा आवाज ऐकू आला.

"आलास? जेवलास का?" एवढंच म्हणाली ती. मग त्याच्या गळ्यात पडून रडली.

पण घरी पोचणं वेगळं आणि घरात मुरणं वेगळं. स्तमातिस अंगणातसुद्धा पाय फाकवून चालायचा, जणू जमीन हलतेय. शेळ्यांना दावी बांधायचा ती खलाशाच्या गाठींनी, मग सकाळी त्या कुणालाच सुटायच्या नाहीत आणि कलियोपी सुरी घेऊन दावी कापायची. शेळ्यांवर तो हुकूम सोडायचा. शेळ्या रवंथ करत त्याच्याकडे बघायच्या.

झानिसकाका कुंपणावर कोपर टेकून मजा बघायचे. "काय कॅप्टन, आज वारं कुठलं?"

"काका, मी स्वयंपाकी होतो."

"मग तर शेळ्या घाबरणारच!"

सणाची सकाळ उजाडली. देवळाच्या अंगणात पाद्रीबाबांनी सगळ्या कळपांवर मंत्राचं पाणी शिंपडलं. झानिसकाका हातात दोर घेऊनच आले होते. वाईट माणूस नव्हे. पण दोर आणला होता हे खरं. स्तमातिसनं एकेक शेळी धरून घंटा बांधल्या. मग माझ्या तोंडातला मोजा ओढून काढला आणि मला हलवलं. मी वाजले! इतक्या वर्षांनी वाजले. देवळाशी उभी असलेली म्हातारी माणसं वळून बघायला लागली. "ही मार्कोसची घंटा," कुणीतरी म्हणालं. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

आणि मग स्तमातिसनं मला पाशाच्या गळ्यात बांधलं. पाशा म्हणजे बोकड. शिंगं ही एवढी, केस रेशमासारखे, अंगात मस्ती. चकचकीत घंटेला देखणा गळा, असा त्याचा हिशेब. सगळ्या गावासमोर मिरवायचं होतं ना! पाशानं एक पाऊल टाकलं, छातीशी मी वाजले, आणि तो जो उधळला तो थेट झानिसकाकांच्या वालात. कळपानं त्याच्या मागं जायचं नावही घेतलं नाही. कुणी या बांधावर, कुणी त्या बांधावर. चहूकडे नुसती किणकिण.

"कॅप्टन, गलबत बुडालं की रे!" झानिसकाका ओरडले. लोक खो खो हसले.

स्तमातिसनं पाशाला धरून आणलं. तोंड उतरलं होतं त्याचं. "घ्या काका, घेऊन जा," तो म्हणाला. "मला नाही जमायचं हे. मी पाण्यावरचाच माणूस."

काकांनी दोर उलगडला खरा, पण कलियोपी मध्ये उभी राहिली.

"घंटा कुणाला बांधलीस?"

"पाशाला."

"का?"

"शोभते म्हणून."

"बाबांची म्होरकी शेळी आठवते? दिसायला कशी होती?"

"एक डोळा नव्हता तिला."

"घंटा दिसणाऱ्याला नाही बांधत, बाळा. चालणाऱ्याला बांधतात."

"मग कुणाला बांधू, अक्का?"

"मला काय विचारतोस? कळप कुणाचा, माझा की तुझा?"

स्तमातिस एका दगडावर बसला. हुकूम नाही, आरडाओरडा नाही. जहाजाच्या कठड्याशी उभा राहून तो पाण्याकडे बघायचा, तसा शेळ्यांकडे नुसता बघत राहिला. पांगलेल्या शेळ्या हळूहळू गोळा व्हायला लागल्या. आणि त्याला दिसलं. कनेला नावाची एक शेळी होती. अंगानं काटकुळी, एक शिंग मोडलेलं. ती मान वर करायची, तेव्हा बाकीच्या चरायच्या थांबायच्या. ती पाऊल टाकायची, तेव्हा त्या टाकायच्या. इतके दिवस ती समोरच होती.

तो उठला. पाशाच्या गळ्यातली गाठ अर्थातच सुटेना, पट्टा कापावा लागला. आता मला बांधायचं कशानं? त्यानं आपल्या कमरेचा पट्टा सोडला आणि मला त्यात ओवून कनेलाच्या गळ्यात घातलं. ती दचकली. थांबली. कान टवकारून माझा आवाज ऐकला. मी जीव मुठीत धरून होते. मग तिनं पाऊल टाकलं आणि मी वाजले. दुसरं टाकलं. तिच्या मागं एक शेळी, तिच्या मागं आणखी एक, आणि सगळा कळप एका ओळीत वरच्या वाटेला लागला. मार्कोसनं गोणी भरून नेऊन माझा आवाज ज्या आवाजांत बसवला होता, ते सगळे आवाज माझ्या मागं होते. पाशासुद्धा होता, शेपटी खाली घालून, सगळ्यांच्या शेवटी. आणि त्याच्याही मागं स्तमातिस, एका हातानं पँट सावरत डोंगर चढत होता.

"कॅप्टन, शीड सांभाळ रे!" झानिसकाका खालून ओरडले.

"काका, तुमचा दोर घरी न्या," कलियोपी म्हणाली. काका हसले. त्यांनी दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि आपले उरलेले वाल बघायला गेले. मला वाटतं, त्यांनाही आनंदच झाला होता.

आम्ही खिंडीशी पोचलो तेव्हा कलियोपी घरी जाऊन कणीक मळायला बसली होती. हे मला नंतर कळलं. ती एकटीच होती घरात, तरी मोठ्यानं म्हणाली म्हणे, "शेळ्या खिंडीशी पोचल्या. आता वळतील."

दारामागचा माझा खिळा आता रिकामा नाही. स्तमातिसनं तिथं आपली जहाजावरची पिशवी टांगली आहे. तिच्यात तो जुना मोजाही आहे. पिशवीवर धूळ चढायला लागली आहे आणि ती कुणी झटकत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठंतरी खिळ्याला, कपाटात, माळ्यावर एखादी जुनी वस्तू गप्प पडलेली असेल. तिला नुसती पुसू नका. पुसून घेऊन मी कंटाळले होते. तिला तिचं काम द्या. आता माझी चकाकी पार गेली आहे, अंगावर काट्याकुट्यांचे ओरखडे आहेत, आणि इतकी सुखी मी कधीच नव्हते. चला, कनेला उठली. मला वाजायला हवं.