जावईबापूंची नखं

खाटकाच्या मुलीने गुरुवारी सकाळी चहा पिता पिता अट घातली, आणि तेव्हापासून तिच्या बापाचं कशात म्हणून लक्ष लागेना. अट तशी साधी होती. रविवारी ती शिकायला दुसऱ्या शहरात जाणार होती. तिथल्या वसतिगृहात माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे सरडा कोण ठेवून घेणार? तेव्हा सरडा घरी राहायचा असेल, तर शनिवारी बाबांनी त्याची नखं स्वतःच्या हाताने कापून दाखवायची. वीसच्या वीस. नाही जमलं तर संध्याकाळी तिची मैत्रीण खोका घेऊन येईल आणि त्याला घेऊन जाईल, मग कुणी तोंड पाडून बसायचं नाही.

सरडा म्हणजे कुंपणावर मान हलवत बसतो तो नव्हे. हा दाढीवाला सरडा. चांगला हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची झालर. राग आला की ती झालर फुगते आणि काळीठिक्कर पडते. चार वर्षांपूर्वी मुलीने त्याला घरी आणलं, तेव्हा खाटकाच्या बायकोने दोन दिवस त्याचं नीट निरीक्षण केलं. दिवसभर दिव्याखाली गरम दगडावर पसरायचं, खायला समोर आणून द्यायचं, आणि जरा मनासारखं झालं नाही की गळा फुगवून बसायचं. हा तर जावई आहे, असं ती म्हणाली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे मानाने जावईबापू झालं. मुलगी आधी चिडायची, मग तीही तसंच म्हणायला लागली.

खाटकाचं आणि जावईबापूंचं अधिकृत असं काही नातं नव्हतं. घरात असली जनावरं पोसतात का कुणी, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, आणि ते मत त्याने कधी मागे घेतलं नाही. आता रोज सकाळी दुकानात जाण्याआधी जावईबापूंचा पाला इतका बारीक कोण चिरून ठेवायचं, आणि दुपारी जेवून वर पोरीच्या खोलीत जाऊन, दार लोटून, त्या काचेच्या पेटीसमोर बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी कोण सांगायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच. माणसाची अब्रू ठेवावी लागते.

खरी गोष्ट अशी की त्याला तो सरडा हवा होता. पोरगी गेल्यावर तिच्या खोलीत जायला काहीतरी निमित्त लागणार होतं, आणि रोज सकाळी दिवा लावायचा नि संध्याकाळी मालवायचा हे निमित्त चांगलं होतं. शिवाय फोनचा प्रश्न होता. पोरगी फोन करणार तो आईला. सगळं बोलून झाल्यावर 'बाबा बरे आहेत ना?' एवढं विचारणार आणि ठेवून देणार. जावईबापू घरी असले तर मात्र तिला बाबांशी बोलणं भाग होतं. खाल्लं का, कात टाकली का, नखं वाढली का. मान कापली असती तरी हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नसतं.

तसा त्याला धसका घेण्याचं कारण नव्हतं. तीस वर्षं तो सुरी चालवत होता. सांधा कुठे सुटतो ते त्याची बोटं न बघता सांगायची. नखं कापणं म्हणजे हातचा मळ, असं तो बायकोला म्हणाला. बायको म्हणाली, बरं. तिचं ते 'बरं' त्याला ओळखीचं होतं, आणि म्हणूनच शुक्रवारी त्याने सराव करायचा ठरवला.

मुलीने त्याला मांजरांची नखं कापायची छोटी कात्री दिली होती. ती त्याच्या मुठीत दिसतसुद्धा नव्हती. तो दुकानात गेला आणि कोंबडीचे पाय बाजूला काढून एकेकाची नखं कापत बसला. चाळीस पायांची नखं त्याने तासाभरात कापली, एकसारखी, एका रेषेत. पाय पकडायचा, ताणायचा, दाबायचा, कापायचा. गिऱ्हाइकांच्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी चष्मा वर करून ते पाय पाहिले आणि विचारलं की या कोंबड्या कुठे लग्नाबिग्नाला निघाल्या होत्या का. त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. संध्याकाळी घरी येताना तो शीळ घालत जिना चढला, गुडघे दुखत असूनही.

शनिवारी सकाळी त्याने दुकान दोन तास बंद ठेवलं आणि दारावर 'घरगुती कामासाठी बंद' अशी पाटी लावली. यावरून बायकोने त्याला सोडलं नाही. माझ्या बाळंतपणाच्या वेळी दोन तास दुकान बंद ठेवायचं तुमच्या जिवावर आलं होतं, म्हणाली, आणि जावयासाठी पाटी काय, रजा काय. आणि तेही रविवारच्या गर्दीच्या आदल्या दिवशी. खाटकाने बाह्या वर केल्या आणि विषय बदलला.

स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीजवळ उजेडात ओढलं. मुलगी वही घेऊन खुर्चीत बसली, पायावर पाय टाकून, अगदी परीक्षकासारखी. आधी कोमट पाणी. घमेल्यात जावईबापूंच्या कोपरापर्यंत येईल एवढंच, आणि ते किती गरम आहे ते स्वतःच्या मनगटावर बघून. दहा मिनिटं बसू द्यायचं म्हणजे नखं मऊ होतात. जावईबापू पाण्यात पाय पसरून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. आता पंख्याने वारा घाला म्हणजे झालं, असं बायको म्हणाली. मग मुलीने टेबलावर वाटीभर कॉर्नफ्लॉर आणून ठेवलं. हे कशाला, असं खाटकाने विचारलं. रक्त आलंच तर त्यावर दाबायला, असं मुलगी म्हणाली. यावर तो इतका मनापासून हसला की खिडकीतली चिमणी उडून गेली.

मग त्याने जावईबापूंना टॉवेलने टिपलं आणि कामाला हात घातला. म्हणजे दुकानात घालतो तसाच. वरून हात नेला, मान अंगठ्याखाली घेतली, टेबलावर दाबलं आणि पुढचा पाय धरून ताणला. जावईबापूंची दाढी एका क्षणात कोळशासारखी काळी झाली. तोंड उघडलं, शेपटी टेबलावर आपटली, आणि ताणलेला पाय त्यांनी असा काही झटक्यात ओढून घेतला की कात्री जाऊन घमेल्यात पडली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तो मेलेला नाहीये."

खाटकाने दोन्ही हात वर घेतले. त्याचे कान लाल झाले होते. चाळीस पायांची नखं कापली, पण त्यातला एकही पाय मागे ओढला गेला नव्हता, हे त्याच्या आत्ता डोक्यात आलं. बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती भांडी पुसायला लागली, जी आधीच कोरडी होती.

मुलीने मग शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. वरून हात आणायचा नाही, वरून येते ती घार, असं त्याला वाटतं. बाजूने यायचं, पोटाखाली तळवा घालायचा, चारही पायांना आधार द्यायचा. छातीशी धरायचं, अंगाभोवती टॉवेल सैल गुंडाळायचा, आणि दाढीचा रंग परत येईपर्यंत थांबायचं. पाय ओढायचा नाही, आपलं बोट त्याच्या बोटाखाली सरकवायचं. नखाच्या आत काळसर दोरा दिसतो, ती शीर, ती जिवंत. तिच्या पुढचं पारदर्शक टोक तेवढंच उडवायचं, तेही जरासंच. दिसत नसेल तर मागून बॅटरी धरायची. खाटीक मान हलवत होता. तीस वर्षांत त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि ते त्याला आवडतंय हे बघून तो स्वतःच चकित झाला.

दाढीचा रंग परत यायला दहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तो खालच्या आवाजात जावईबापूंना शिक्षिकाबाईंचं काहीतरी सांगत होता. मुलीने वहीत डोकं घातलं आणि ऐकत नसल्यासारखं दाखवलं.

मग पहिलं नख उडालं. टिक. जावईबापूंनी एक डोळा उघडला आणि मिटला. दुसरं, तिसरं. बायको मोठ्याने मोजायला लागली. पुढच्या दोन पायांची दहा झाली. मागच्या उजव्या पायाची तीन झाली. चौथं बोट सगळ्यात लांब, नखही तसंच वाकडं. खाटकाने कात्री लावली, आणि बरोबर त्याच वेळी पोरगी बघते आहे की नाही हे पाहायला त्याने मान वळवली. नको ते नेमकं तेव्हाच होतं.

नखाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला. मोहरीएवढा. पहाटेपासून कोपरापर्यंत रक्तात हात घालणारा हा माणूस, पण तो थेंब बघून पांढराफटक पडला. समोर ठेवलेली वाटी त्याला दिसेना. त्याने मदतीसाठी परीक्षकाकडे पाहिलं, तर परीक्षक खुर्चीत नव्हत्याच. त्या फ्रिजकडे तोंड करून, दोन्ही हातांनी चेहरा झाकून उभ्या होत्या.

बायकोने फडकं खांद्यावर टाकलं, चिमूटभर कॉर्नफ्लॉर घेतलं आणि नखावर दाबलं. मग नवऱ्याचं बोट धरून तिथे ठेवलं आणि हलू नका म्हणाली. मिनिटभरात रक्त थांबलं. जावईबापूंना काही झाल्याचं दिसत नव्हतं. आज पेटीत वाळू नको, नुसता कागद अंथरा, म्हणजे घाण लागणार नाही, असं सांगून तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा फ्रिजकडे पाहिलं, आणि तिचा बांध फुटला. हसता हसता तिने सगळं सांगून टाकलं. या पोरीने तरी कधी कापलीत याची नखं? चार वर्षं जनावरांच्या डॉक्टरकडे नेतोय त्याला. डॉक्टर कापतो, सरडा माझ्या मांडीवर, आणि ही बाहेर पायरीवर कानात बोटं घालून. जसं काही नखं ओरडणार आहेत.

खाटकाने बोट नखावरून काढलं नाही. पण त्याच्या कपाळावर आठी चढली. तीन दिवस त्याच्या तोंडची चव गेली होती. आपल्या हातावर पोरीचा विश्वास नाही, हे त्याला आतून कुरतडत होतं.

"तुला जे जमत नाही, ते मला का करायला लावलंस?"

मुलगी वळली नाही. फ्रिजशीच बोलल्यासारखं बोलली.

"तुम्ही मला कधी नाही म्हणत नाही, बाबा. पहाटे चारला उठता, गुडघे धरून जिना चढता. नुसतं विचारलं असतं तर 'ठेवून जा' म्हणाला असतात, आणि मग रोज त्याचं करत बसला असतात. म्हणून तुम्हाला नापास व्हायला जागा ठेवली होती."

बायकोचं हसणं थांबलं. ती घमेलं उचलून पाणी ओतायला गेली आणि नळ विनाकारण बराच वेळ चालू राहिला.

मग खाटकाने नखावरचं बोट हळूच उचलून बघितलं. रक्त नव्हतं. टॉवेल नीट केला, कात्री घेतली आणि उजव्या पायाचं शेवटचं नख कापलं. या वेळी मान वळवली नाही. डाव्या पायाकडे वळला. मोजायला कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतःच मोजत होता, पुटपुटत. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस. आणि त्याने कात्री खाली ठेवली.

मुलगी आता वळून बघत होती. डोळे लाल, नाक त्याहून लाल. तिने जवळ येऊन डाव्या पायाकडे वाकून पाहिलं. सगळ्यात छोट्या बोटाचं नख तसंच होतं.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे. ते तुझं. पुढच्या वेळी तू काप."

ते नख नावालाच नख होतं, कुठे अडकण्यासारखं नव्हतं. तरी मुलीने परीक्षकाचा आवाज काढायचा प्रयत्न केला.

"बाबा, नखं दीड महिन्यात वाढतात. माझी सुट्टी चार महिन्यांनी आहे."

"मला माहितीये," खाटीक म्हणाला. "तू दीड महिन्याने ये."