व्हिएन्नाचा रुमाल

लंडनजवळच्या हाउन्सलोतल्या लीयाबाईंच्या फ्रंटरूममध्ये त्या रविवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडदे ओढलेले, दिवे बंद, एकच मेणबत्ती, आणि मधोमध शशिधरबाबा घुमत होते. आता अंगात यायचं तर देवी यावी, गेला बाजार वेताळ. बाबांच्या अंगात यायचा तो १९३२ सालातला व्हिएन्नाचा एक मेलेला डिटेक्टिव्ह, आणि तो बोलायचा अस्सल गिरगावी मराठी!

"मी इन्स्पेक्टर क्राउस! धुकं आहे... कालव्याकाठी एक तरुण पडलाय... कोण बरं तो?"

"माझा एफ्राईमदादा!" लीयाबाईंना हुंदका फुटला.

"एफ्राईमच!" बाबा गरजले.

मयताचं नाव बाबांना आयतंच मिळालं, हे फक्त लीयाबाईंच्या मुलीच्या, रोझीच्या लक्षात आलं. ती शाळेत केमिस्ट्री शिकवायची. चाळीसेक वर्षांपूर्वी, त्याच बत्तीस साली, मामा व्हिएन्नाला डॉक्टरी शिकायला गेला आणि कालव्यात मेलेला सापडला. कसा, ते पोलिसांनाही उमगलं नाही. त्याच्या खोलीतला सोबती हाईम तेवढा मुंबईला परत आला. त्याच हाईमकाकांच्या मुलाशी, सियोनशी, पुढच्या महिन्यात रोझीचं लग्न होतं. मागच्या बैठकीत काका बाबांना खो खो हसले होते, आणि ते बाबांना चांगलंच झोंबलं होतं.

बाबांनी एक रुमाल पसरला. "मयताचा! काळानं पिवळा पडलाय. डॅन्यूब नदीच्या पाण्यात बोट बुडवा नि याला शिवा. खुन्याचं बोट लागलं की रक्त बोलेल!"

पाण्याचा वाडगा फिरला. सगळ्यांनी बोटं टेकवली, रुमाल गप्प. हाईमकाकांची पाळी आली आणि वाडग्यातली डॅन्यूब आटली! बाबांनी झोळीतून दुसरी बाटली काढून दुसरा वाडगा भरला. काकांनी बोट टेकवलं मात्र, रुमालावर लाल डाग उमटला.

"हाईमभाऊ!" लीयाबाई किंचाळल्या. "तुमच्या घरात मी पोर देऊ? लग्न मोडलं!"

काका आपल्याच बोटाकडे भूत पाहिल्यासारखं बघत राहिले. रोझीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने खटकन दिवा लावला, रुमाल हुंगला.

"मम्मी, आता तू ट्राय कर. या दुसऱ्या बाउलमधलं पाणी घे."

लीयाबाईंचं बोट टेकलं. पुन्हा लाल.

"सो मामाला तूच मारलंस? तेव्हा तर तू डोंगरीला शाळेत होतीस!"

"इन्स्पेक्टर कोपतील!" बाबा ओरडले.

"कोपू देत." रोझीने किचनमधून लिंबू आणून डागावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. "घ्या, खून माफ! हळद आहे ही, आणि या दुसऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा. टेबलक्लॉथवर करी सांडली, साबण लागला की लाल होतं, हे इथल्या कुठल्या बाईला माहीत नाही? रोज सिंकमध्ये बघता ना? मग आज रक्त कसं दिसलं?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. इन्स्पेक्टर अंगातून कधी उतरले कोण जाणे. बाबा कोट काखेत मारून बसस्टॉपकडे पळत सुटले होते.

"मग दादाला मारलं कुणी?" लीयाबाईंनी रडत विचारलं.

"माहीत नाही, मम्मी. कदाचित कधीच कळणार नाही. पण माहीत नाही म्हणून काकांना फासावर द्यायचं?"

लीयाबाई उठल्या. टॉवेल भिजवून आणला आणि हाईमभाऊंचं बोट त्यांनी स्वतः पुसलं.

उत्तर नसलेला प्रश्न छातीवर बाळगणं जड जातं, कबूल. पण तो बाळगायला शिका, बाबांनो. नाहीतर कुणीही उपटसुंभ हळदीचं फडकं दाखवेल, आणि आपण आपलीच माणसं खुनी ठरवून मोकळे होऊ.